वजन कमी करायच्या स्लीव्ह सर्जरीला दोन महिने झाले, आई चार घासांतच ताट सारते. एवढंसं जेवण पुरेल का?

पुरेल, घाबरू नका. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात. त्यामुळे सध्या एका वेळी अर्धी वाटी जेवण पुष्कळ झालं. आमच्या मालवणात 'अजून एक घास घे गो' म्हणत आग्रह करायची सवय असते, ती आईपुरती मोडा. तो एक जास्तीचा घास छातीत अडकतो, तोंडात लाळ दाटते आणि सगळं उलटून पडतं. मी भोगलंय हे.

किती खाल्लं यापेक्षा आधी काय खाल्लं, ते बघा. माझ्या बशीत पहिल्यांदा मुडदुशी माशाचा काटे काढून बोटांनी कुस्करलेला तुकडा असायचा, मग शिजलेली भाजी, आणि जागा उरलीच तर दोन चमचे मऊ भात. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत; भातानेच पोट भरलं तर ती राहूनच जातात. सोलकढी, पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने घोट घोट. चहाच्या चमच्याने, वीस मिनिटं लावून जेवू दे तिला.

पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, तर मात्र त्याच दिवशी सर्जनना फोन करा.