पाल नेमकी कधी चुकचुकते

तुझी कथा वाचली. 'निकालाच्या दिवशी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली' असं लिहिलंयस. तिथं धाकधूक हवी. काय होईल याची भीती ती धाकधूक. पाल चुकचुकते ती सगळं वरून ठीक दिसत असताना काहीतरी खटकलं की.

मागं नागपूरच्या कॉटन मार्केटात एक जण मला संत्र्यांची पेटी निम्म्या भावात द्यायला निघाला. वरचा थर रसरशीत. म्हटलं, याला एवढी घाई कायची? तीच ती पाल. तरी घेतलीच, खालची फळं लिंबाएवढी निघाली. मग दिवसभर राहिली ती रुखरुख, कारण गोष्ट घडून गेली होती.

पालीचा आवाज अपशकुनाचा मानत, त्यातून हे आलं. आमची आजी तो ऐकला की 'कृष्ण कृष्ण' म्हणत बोटानं टकटक करायची.

'शंकेची' गाळलं तरी चालतं. पण 'मला पाल चुकचुकली' नको, 'माझ्या मनात' म्हण. आणि सहा पानांत चारदा? एवढ्या पाली आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यातही नव्हत्या रे!