वाचकांचे प्रश्न : कपातीचे पत्र हाती देणाऱ्याने काय करावे?

प्रश्न : सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात अधिकारी आहे. निर्यातीच्या ऑर्डरी घटल्यामुळे कामगार कपातीची पहिली फेरी नुकतीच झाली असून दुसऱ्या फेरीची यादी माझ्या संगणकात तयार आहे. पहिल्या फेरीतील सगळी पत्रे मीच दिली. त्यांपैकी काहींना कामावर घेतानाची मुलाखतही मीच घेतली होती. आता रात्री झोप लागत नाही, आणि बाजारात त्यांच्यापैकी कोणी दिसले की मी वाट बदलते. माझे वडील गिरणी बंद पडल्यावर कित्येक वर्षे घरी बसून होते, त्यामुळे घरात हा विषय काढवत नाही. वरिष्ठ म्हणतात, "या नोकरीत मन घट्ट करावेच लागते." ते नेमके कसे करायचे असते?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या वरिष्ठांच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो सद्हेतूने दिलेला असला तरी मला धोक्याचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या सततच्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे असे नमूद करून त्याची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. यांतले दुसरे लक्षण पाहा. पुष्कळ कार्यालयांत ज्याला 'मन घट्ट होणे' म्हणतात, ते बहुधा हेच असते. म्हणजे जे दुखणे टाळायचे, तेच औषध म्हणून सुचवले जाते. तुम्हाला अजून वाईट वाटते आहे, याचा अर्थ त्या टोकाला तुम्ही पोहोचलेल्या नाही.

दुसरी गोष्ट जबाबदारीची वाटणी करण्याची. ऑर्डरी किती आल्या, किती माग चालवायचे, किती माणसे कमी करायची, हे निर्णय मालकांचे आहेत आणि त्यांचे ओझे तुम्ही उचलू नये. परंतु 'मी केवळ निरोप पोहोचवते' असे म्हणून सुटकाही करून घेऊ नका, कारण ते पूर्ण खरे नाही आणि स्वतःला सांगितलेली अशी अर्धसत्ये रात्री झोपू देत नाहीत. यादी नियमाने झाली आहे का, हिशेब बिनचूक आहे का, पत्र कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत आणि कोणत्या शब्दांत दिले जाते, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. मनाला खरा आधार तेथेच सापडतो असे माझे मत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी कारणांसह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. याशिवाय शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची असून ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवी. राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. ज्या कारखान्यात ३०० किंवा अधिक कामगार आहेत, तेथे नोटीस एक नव्हे तर तीन महिन्यांची असते आणि सरकारची पूर्वपरवानगीही लागते. त्या-त्या वर्गातील कामगारांपैकी जो शेवटी आला तो सर्वसाधारणपणे आधी जातो, आणि हा क्रम मोडायचा असेल तर कारणे नोंदवावी लागतात. तुमच्या संगणकातील यादी या कसोटीवर एकदा शांतपणे तपासा. कोणाचे नाव केवळ पर्यवेक्षकाशी पटत नाही म्हणून आले असेल, तर तसे वरिष्ठांना लेखी कळवा. तुमचे ऐकले जाईलच असे नाही, पण मला तर असे दिसते की या कामातील माणसांना पुढे वर्षानुवर्षे छळते ते पत्र दिल्याचे दुःख नसून, चुकीचे पत्र निमूटपणे दिल्याची आठवण असते.

पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण त्याच आठवड्यात भरा. ही तारीख भरलेली नसल्यामुळे पैसे काढण्याचे अर्ज अडकतात आणि माणूस पीएफ कार्यालयाच्या खेपा घालत राहतो. अनुभवाचा दाखला मागायला यायची वेळ त्याच्यावर आणू नका. तो पत्रासोबतच द्या.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. रॉबर्ट फोल्जर आणि डॅनियल स्कार्लिकी या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की कपातीला व्यवस्थापनाची चूक कारणीभूत असेल, तर ती बातमी सांगणारी माणसे संभाषणासाठी उलट कमी वेळ ठेवू पाहतात. जेथे अधिक बोलायला हवे तेथेच आपण पळ काढतो. तुम्ही बाजारात वाट बदलता, तेही याच जातीचे आहे. म्हणून प्रत्येक भेटीला पुरेसा वेळ ठेवा आणि दोन भेटींच्या मध्ये अर्धा तास मोकळा सोडा. मुख्य गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत सांगा. त्यानंतर समोरचा गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. 'मलाही फार वाईट वाटते आहे' हे एकदा म्हणणे माणुसकीचे आहे, परंतु पुन्हापुन्हा म्हटले तर ज्याची नोकरी गेली त्यालाच तुमचे सांत्वन करत बसावे लागते. आठवडी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पत्रे देण्याची प्रथा सोडून द्यावी, कारण त्यानंतर त्याला बँकेत, पीएफ कार्यालयात किंवा तुमच्याकडेही काही विचारता येत नाही. आपल्या शहरापुरती आणखी एक सूचना : ज्याच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, त्याला हिशेबाचा कागद त्याच्या भाषेत समजावून सांगणारे माणूस सोबत बसवा आणि समजल्याखेरीज सही घेऊ नका.

वाट बदलणे मात्र थांबवा. पुण्या-मुंबईत पत्र देणारा आणि घेणारा पुन्हा कधी समोरासमोर येतीलच असे नाही. सोलापुरात ते नवी पेठेत भेटतील, दवाखान्यात भेटतील, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर तर हमखास भेटतील. नमस्कार करा, घरच्यांची विचारपूस करा आणि त्यांनी विषय काढल्याशिवाय कामाचे बोलू नका. कोणी तोंड फिरवले तर तो त्याचा अधिकार आहे असे मानून पुढे चला. एखाद्या कारखान्यात जागा निघाल्याचे कळले तर ते सांगायला मात्र संकोच करू नका.

राहिला प्रश्न वडिलांचा. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून हे शहर गिरण्यांच्या भोंग्यावर वाढले, आणि पुढे त्या गिरण्या एकामागून एक बंद होतानाही याच शहराने पाहिल्या. त्या काळात घरी बसलेल्या माणसाला तुमचे बोलणे झेपणार नाही, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकले आहे. कारखान्याचे तपशील किंवा यादीतील नावे त्यांना सांगू नका, पण तुम्हाला काय होते आहे ते सांगा, आणि त्यांना त्या वेळी कोणी कसे वागवले होते ते विचारा. पुढच्या फेरीत काय टाळायचे, हे कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा त्यांच्याकडून अधिक कळेल.

झोपेची तक्रार अंगावर काढू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप येत नसेल, मन सतत उदास राहत असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक कपातीच्या पत्रासोबतच्या कागदावरही छापावा, असे मी सुचवेन.

प्रश्न : मी मनुष्यबळ विभागात लिपिक आहे. डबा खाताना सहकारी मला विचारतात, "माझे नाव यादीत आहे का, एवढेच सांग." नाही म्हटले तर खोटे ठरते, गप्प बसलो तर त्यांना उत्तर मिळाल्यासारखे होते. काय बोलावे?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : सर्वांना, नाव यादीत असो वा नसो, एकच वाक्य सांगायचे आणि ते आजपासूनच सुरू करायचे : "यादीबद्दल मी कोणालाच काही सांगत नाही, तुलाही नाही आणि उद्या दुसऱ्यालाही नाही." ज्याचे नाव नाही त्याला मैत्रीखातर 'तू निश्चिंत राहा' असे सांगितलेत, की त्या दिवसापासून तुमच्या मौनाचा अर्थ प्रत्येकाला कळू लागतो. जे सांगण्यासारखे आहे ते मात्र हात राखून न ठेवता सांगा : नोटीस किती दिवसांची मिळते, भरपाई कशी मोजतात, पीएफ खात्याची केवायसी आणि बँक तपशील आताच का तपासून घ्यावेत. आणि डबा खाण्याची जागा बदलू नका. बदललीत तर त्याचाही अर्थ लावला जाईल.

प्रश्न : माझा छोटा कारखाना आहे. मनुष्यबळ विभागात दोनच माणसे असून कपातीच्या काळात ती पार खचली आहेत. मालक म्हणून मी काय करू शकतो?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : पत्र देताना तुम्ही स्वतः त्या खोलीत बसा. निर्णय तुमचा आहे, तर कारणही तुमच्याच तोंडून आले पाहिजे. हिशेबाचा भाग तुमची माणसे सांगतील. एका दिवसात त्यांच्याकडून मोजक्याच भेटी घ्या आणि फेरी संपल्यावर त्यांना सलग काही दिवस रजा द्या, तिला बक्षीस वगैरे नाव न देता. सर्वांत आधी त्यांना हे सांगा की त्यांच्या स्वतःच्या नोकऱ्यांचे काय होणार आहे. इतरांची पत्रे टाइप करताना ती दोघे आपलेही नाव शोधत असणार, आणि तुम्हाला ते विचारण्याचे धाडस त्यांना होणार नाही.