नागपूर जिल्हा परिषदेची निवडणूक २०१२ नंतर थेट २०२० मध्ये का झाली? पूर्वीही असंच होत होतं का?

तुम्ही विचारलंय की दर पाच वर्षांनी व्हायची निवडणूक आठ वर्षं कशी लांबली, आणि असं आधीही झालंय का. झालंय, आणि याहून जास्त लांबलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. १९९२ ते २०२० या काळात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत बऱ्याच निवडणुकांना ड्युटी केली. माझे वडील भिवापूरकडच्या एका गावात पंच, म्हणजे ग्रामपंचायतीचे सदस्य, होते. त्यामुळे यातलं काही ऐकलेलं आहे, काही डोळ्यांनी पाहिलेलं.

सुरुवात जरा मागून करतो. आपल्याकडे, म्हणजे जुन्या मध्य प्रांतात, १८८३ च्या कायद्याने लोकल बोर्ड आणि जिल्हा कौन्सिल आले. पण तिथे मत गावच्या मुकद्दमाला, म्हणजे गावप्रमुखाला, होतं, व्यापाऱ्यांना होतं आणि काही माणसं सरकार नेमत असे. साध्या कास्तकाराला कोणी विचारत नव्हतं. नागपूर जिल्हा मालगुजारीचा, म्हणजे सरकारला सारा भरणारा मालगुजारच गावाचा मालक. गावाचा कारभार मालगुजाराच्या वाड्यात चालायचा आणि बोर्डाचा माणूसही बहुधा तिथूनच निघायचा. १९४८ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांच्या पुढाकाराने जनपद सभा, म्हणजे स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्था, आल्या, तहसिलीला एक. ही व्यवस्था फक्त आपल्या जुन्या मध्य प्रांतातली. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना 'जनपद' म्हटलं की काही कळत नाही, पण आमच्या भागातले म्हातारे अगदी परवापर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेला 'जनपदची शाळा' म्हणायचे. मग १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला.

आजची जिल्हा परिषद ही वसंतराव नाईक समितीची देणगी. नाईक आपल्या विदर्भातलेच, पुसदचे, त्या वेळी महसूलमंत्री. त्याआधी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने जास्त भर तालुक्याच्या पातळीवर, म्हणजे पंचायत समितीवर दिला होता. नाईक समितीने जिल्हा हा मुख्य धरला आणि कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाच्या डोक्यावर कलेक्टर बसवला नाही, त्याच तोडीचा मुख्य कार्यकारी अधिकारी हाताखाली दिला. १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी पहिली निवडणूक झाली.

झेडपीच्या निवडणुकीत 'गट' आणि 'गण' हे दोन शब्द येतात. गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, गण म्हणजे पंचायत समितीचा. आमच्या इकडे गटाला 'सर्कल' म्हणतात, तो कुठल्या सर्कलमधून उभा आहे असंच विचारतात. एका सर्कलमध्ये दोन गण. यातला 'गण' हा मूळचा 'निर्वाचक गण'. सुरुवातीला पंचायत समितीचा गणातला सदस्य तुम्ही-आम्ही निवडत नव्हतो, त्या गणातल्या ग्रामपंचायतींचे पंच निवडायचे. माझे वडील बंडी जुंपून उमरेडला मत द्यायला जायचे, तेव्हा भिवापूर हा वेगळा तालुका नव्हता. आदल्या रात्री दोन्हीकडची माणसं आमच्या ओसरीत येऊन बसायची. मूठभर पंचांच्या मतावर निकाल लागणार, म्हणून एकेका पंचाला जपायचे. पुढे ती पद्धत गेली, गणाचं मतही सगळ्या मतदारांकडे आलं, नाव तेवढं राहिलं.

आता लांबणीचं. १९६२, १९६७, १९७२ या निवडणुका वेळेवर झाल्या. चौथी झाली १९७९ मध्ये, म्हणजे दोन वर्षं उशिरा. आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षं! त्या काळात गावात जन्मलेलं पोर सातवीत गेलं तरी त्याने झेडपीचा प्रचार पाहिलेला नव्हता. हे होऊ शकलं, कारण तेव्हा वेळेत निवडणूक घ्याच असं राज्यघटनेत कुठे लिहिलेलं नव्हतं. सरकार पुढे ढकलत गेलं. कारणं दर वेळी नवी असायची, पण मूळ गोष्ट एकच. सत्तेत असलेल्याला जिल्ह्यात दुसरी सत्ता नको असते. हे मी कोण्या एका पक्षाबद्दल म्हणत नाही. पुढे जे झालं ते पाहिलं की सगळ्यांचंच तसं आहे हे दिसतं.

१९९२ ची निवडणूक माझी पहिली ड्युटी. बायकांना ३० टक्के जागा राखीव ठेवून झालेली ही पहिली. तेव्हा कागदाच्या मतपत्रिका होत्या. जिल्हा परिषदेची एक, पंचायत समितीची एक. फुलीचा शिक्का मारायचा आणि शाई दुसऱ्या चिन्हावर उमटणार नाही अशी घडी घालायची. ती घडी कशी घालायची हे आम्ही दिवसभर दाखवत बसलो होतो. वर्षभराने, २४ एप्रिल १९९३ ला, ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पाच वर्षांच्या वर मुदत नाही, मुदत संपण्याआधी निवडणूक, बरखास्त केली तर सहा महिन्यांत, हे सगळं घटनेत आलं. राज्य निवडणूक आयोग १९९४ मध्ये झाला. मग १९९७, २००२, २००७, २०१२ असं घड्याळ बरोबर चाललं. २०११ मध्ये बायकांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. हा वीस वर्षांचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. या काळातून तयार झालेली माणसं आज तुम्हाला विधानसभेत दिसतात. चंद्रशेखर बावनकुळे आमदार होण्याआधी नागपूर झेडपीचेच सदस्य होते.

मग २०१७ ला काय अडलं? राज्यात बहुतेक जिल्ह्यांत निवडणूक झाली, पण आपली नाही. मुख्य कारण आरक्षण. अनुसूचित जाती आणि जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्याव्याच लागतात. आपल्या जिल्ह्यात या दोन्ही समाजांची संख्या मोठी आहे, रामटेक-पारशिवनीकडे तर गोंड वस्ती बरीच. त्यावर ओबीसींचे सरसकट २७ टक्के जोडले की बेरीज न्यायालयाने घालून दिलेल्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर जाते. नागपूरसह अकोला, वाशीम, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांत हेच झालं आणि प्रकरणं कोर्टात गेली. तोवर जुने सदस्य मुदत संपूनही बसून राहिले. अखेर जुलै २०१९ मध्ये या जिल्हा परिषदा बरखास्त होऊन प्रशासक आले. ७ जानेवारी २०२० ला मतदान झालं. ५८ पैकी काँग्रेसला ३०, भाजपला १५ आणि राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या.

त्या दिवशी मी कुही तालुक्यात केंद्राध्यक्ष होतो. थंडी कडक होती. मिरचीचे देठ खुडायला सातऱ्यावर, म्हणजे मिरची साफ करायच्या जागी, जाणाऱ्या बाया मजुरी बुडू नये म्हणून सकाळीच रांगेत उभ्या. या निवडणुकीत दोन बटनं दाबावी लागतात, पांढऱ्या कागदावरचं झेडपीचं आणि गुलाबी कागदावरचं पंचायत समितीचं. दुसरं दाबल्याशिवाय मशीन शिटी देत नाही. एक म्हातारी पहिलं बटन दाबून निघाली. मी थांबवलं, "आजी, अजून एक रायलं." ती म्हणाली, "एवढ्या सालानं आलं त मले वाटलं एकच असन." परत गेली, दुसरं दाबलं, लांब शिटी वाजली आणि ती माझ्याकडे पाहून हसली.

त्यानंतर १४ महिन्यांनी, ४ मार्च २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेणारं ओबीसी आरक्षण चालणार नाही. नागपूरच्या १६ जागा एका झटक्यात रिकाम्या झाल्या. निवडून आलेल्यांचा काही दोष नव्हता, मत देणाऱ्यांचा तर नव्हताच. ओबीसी समाजाची नेमकी आकडेवारी गोळा करायचं काम राज्याने आधीच करायला हवं होतं, ते केलं नाही. त्याची किंमत गावातल्या माणसाने मोजली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सोयाबीन कापणीच्या ऐन धांदलीत या जागांवर पुन्हा मतदान झालं, सगळ्या सर्वसाधारण म्हणून.

काहीजण म्हणतात, प्रशासक असला तर कामं उलट नीट होतात, राजकारण नसतं. मला हे पटत नाही. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गावी पांदणीवरचा, म्हणजे शेताकडच्या रस्त्यावरचा, रपटा (ठेंगणा पूल) वाहून गेला. एरवी अशा वेळी गावचे चारजण रात्रीच सर्कलच्या मेंबरच्या घरी जाऊन बसले असते. मेंबर कामाचा असो की नसो, त्याला पुढच्या वेळी मत मागायला त्याच दारात यायचं असतं. त्या वर्षी जायला घरच नव्हतं. अर्ज दिला, पोच घेतली, आणि शेवटी लोकांनी वर्गणी काढून मुरूम टाकला. शिवाय पैशाचीही गोष्ट आहे. वित्त आयोगाचा निधी निवडून आलेली मंडळी असलेल्या संस्थांसाठी असतो. ती नसली की तो अडतो.

जानेवारी २०२५ मध्ये २०२० च्या सदस्यांची मुदत संपली आणि परत प्रशासक आला. गाठ तीच, पन्नास टक्क्यांची. तुम्ही त्या भागातले मतदार असाल तर एक करा. प्रभाग रचनेचा मसुदा लागतो तेव्हा आपलं गाव कुठल्या सर्कलमध्ये टाकलंय ते तहसिलीत जाऊन पाहा आणि चुकीचं वाटलं तर मुदतीत लेखी हरकत द्या. कलेक्टर कचेरीच्या बचत भवनातली आरक्षणाची सोडतही उघड असते, लहान पोराच्या हातून चिठ्ठी निघते, तिथे कोणीही जाऊन बसू शकतो. मी निवृत्तीनंतर जाऊन बसलोय. तिथे इच्छुक आणि त्यांची माणसं पुष्कळ असतात, मतदार म्हणून आलेला मी एकटाच होतो.