विमान सोडून मला काय येतं?

हवाई दलातून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक तांत्रिक माणूस हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नोकरीचा सल्ला मागायला येतो. "वीस वर्षं एकाच विमानाचे रेडिओ नि रडार उघडले, लावले. बाहेर लढाऊ विमान आहे कुणाकडे?" असं म्हणणारे एक सार्जंट मागच्या वर्षी माझ्याकडे आले. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, बिऱ्हाड पुण्यात, वय एकोणचाळीस, मुलगी दहावीला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) सोबत त्यांच्या मिसेस होत्या आणि सुरुवातीला बोलल्या त्याच. "मॅडम, ह्यांना जरा समजवा. बँकेचा फॉर्म भरा म्हणावं आणि मोकळे व्हा."

बँकेचा रस्ता काही चुकीचा नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. सरकारी बँकांत क वर्गाच्या जागांमध्ये माजी सैनिकांना साडेचौदा टक्के आरक्षण आहे. दहावी होऊन पंधरा वर्षं सेवा झाली असेल, तर क वर्गाच्या बऱ्याच पदांसाठी पदवीची अट आड येत नाही. पेन्शन चालू, वर बँकेचा पगार, रविवारी सुट्टी. मिसेसचं गणित चोख होतं. फक्त साहेबांचा चेहरा पडलेला होता. "काउंटरवर बसेन हो, बसणार नाही असं नाही," ते म्हणाले, "पण मग जालाहळ्ळीला दलाच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सगळं पाण्यात."

बायोडेटा मागितला. पहिल्याच ओळीत विमानाचं नाव, खाली स्क्वाड्रन, मग पोस्टिंगची गावं, मग फर्स्ट लाइन, सेकंड लाइन, एफ-७००, टूल क्रिब. चाकणच्या कारखान्यातल्या एचआरच्या मुलीला यातलं काय कळणार? शिवाय कुठल्या विमानावर कुठलं उपकरण होतं आणि ते कुठे होतं, हे नोकरीच्या अर्जात लिहायचं नसतं. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा गणवेश उतरवल्यावर संपत नाही. त्यामुळे पहिली कात्री लागली ती त्यांच्या सगळ्यात अभिमानाच्या ओळीला. तेव्हा ते थोडे रागावलेही.

मग मी त्यांना म्हटलं, तुम्हाला सगळ्यात जास्त छळलेला एखादा स्नॅग, म्हणजे विमानातला बिघाड, सांगा. मला इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही, तेव्हा कुणाला तरी शिकवताय असं सांगा.

ते बोलायला लागले आणि मिसेस पहिल्यांदाच गप्प बसल्या. एका विमानाचा व्हीएचएफ रेडिओ हवेत मध्येच बंद पडायचा. जमिनीवर तपासला की ठणठणीत. डबा काढून बेंचवर लावला, दोष सापडला नाही. दुसरा डबा बसवला, तरी पुढच्या सॉर्टीनंतर (उड्डाणानंतर) पायलटची तीच तक्रार. सगळ्यांचं म्हणणं, तिसरा डबा बसवू. यांनी आधी जुन्या नोंदी काढल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की पायलट दर वेळी वळण घेताना आवाज तुटल्याचं लिहितायत. म्हणजे डबा नव्हे, काहीतरी हलतंय. वायरिंगचा मार्ग आकृतीत पाहिला, कनेक्टरपर्यंत आले, दोन टोकांत सातत्य मोजलं. बरोबर आलं. मग एकाला मीटरकडे बघत बसवलं आणि स्वतः केबलचा जुडगा हाताने हळूहळू हलवत गेले. एका ठिकाणी काटा उडाला. कनेक्टरमधली एक पिन नीट लॉक झालेली नव्हती, ताण आला की केसभर मागे सरकायची. पिन बदलली, पुन्हा हलवून पाहिलं, दुसऱ्याकडून तपासून घेतलं, मग सही केली.

"ही सही कसली?" मी विचारलं.

"कसली म्हणजे? हे काम मी केलं आणि विमान उडायला योग्य आहे, याची. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न मला."

नवा बायोडेटा इथून लिहायला घेतला. विमानाचं नाव गेलं. त्याऐवजी आलं: संदेशवहन आणि दिशादर्शन उपकरणांतला दोषशोध व दुरुस्ती, २८ व्होल्ट डीसी आणि ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झ एसी प्रणालींवरचं काम, ऑसिलोस्कोप आणि मेगरचा रोजचा वापर, क्रिम्पिंग, सोल्डरिंग, मापन उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासण्याच्या) तारखा सांभाळणं, क्रूला काम वाटून देणं आणि त्या कामाची लेखी जबाबदारी घेणं. खाली दोन स्नॅगची हकिगत, प्रत्येकी चार ओळींत. मला विचाराल तर बायोडेटातला कामाचा भाग तोच.

आता उणी बाजू. नुसतं कौतुक करून कोणाला नोकरी लागत नाही. पीएलसीला, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, त्यांनी कधी हात लावला नव्हता. एक्सेल जेमतेम. आणि खर्चाची सवय नाही. दलात सुटा भाग स्टोअरमधून मागवायचा, त्याची किंमत कितीची हा प्रश्न टेक्निशियनपर्यंत येत नाही. एका मुलाखतीत देखभाल विभागाच्या प्रमुखाने विचारलं, "लाइन बंद पडलीय, दर मिनिटाला नुकसान होतंय, काय कराल?" यांनी उत्तर दिलं, "कारण सापडेपर्यंत मी चालू करू देणार नाही." ती नोकरी हातची गेली. घरी आल्यावर फोनवर म्हणाले, "मॅडम, मी चूक बोललो का?" चूक नव्हते. खिडकी चुकली होती. ज्याचा हात कारण सापडल्याशिवाय थांबत नाही, त्याने उत्पादनाच्या देखभालीत जाऊन रोज भांडू नये. त्याने चाचणी, गुणवत्ता किंवा कॅलिब्रेशनकडे जावं. तिथे हाच हट्ट गुण ठरतो. पुणे पट्ट्यात अशी कामं भरपूर आहेत: वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सची चाचणी, भोसरीकडच्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळा, रुग्णालयांतली उपकरणं, मेट्रोचं सिग्नलिंग.

मित्रमंडळी मात्र एकच टुमणं लावून होती: "एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्स काढ, एअरलाइनमध्ये लाग." याचा खुलासा मला दर दुसऱ्या माणसाला करावा लागतो, म्हणून इथे सविस्तर सांगते. नागरी विमानावर सही करण्याचा अधिकार डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्याने मिळतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी त्यात बी-२ ही श्रेणी आहे. गणित आणि भौतिकशास्त्रापासून डिजिटल तंत्र, मानवी घटक आणि विमानवाहतुकीचे कायदे इथपर्यंत बरेच विषय, आणि प्रत्येकात उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. लष्करी विमानावरचा अनुभव मोजला जातो, पण तेवढ्यावर भागत नाही, नागरी विमानावर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव त्याला जोडावाच लागतो. तो मिळवायचा म्हणजे एखाद्या देखभाल संस्थेत आधी कमी पगारावर, बहुतेक वेळा रात्रपाळीत उभं राहायचं. वीस वर्षं सही केलेल्या माणसाला तिथे सही करता येत नाही, हा भाग पगारापेक्षा जास्त टोचतो. जायचं असेल तर जरूर जावं, रस्ता चांगला आहे. पण "मी तर विमानवालाच, मला काय लगेच देतील" या समजुतीत जाऊ नये.

आमच्या सार्जंटांनी घरी बसून हिशोब मांडला. मुलीची बारावी होईपर्यंत पुणं सोडायचं नाही, रात्रपाळी नको. लायसन्स बाजूला पडलं. बँकेचा फॉर्म त्यांनी मिसेसच्या समाधानासाठी भरला, तेही बरंच झालं, हातात एक पर्याय असला की मुलाखतीत माणूस लाचार होत नाही. पेन्शन चालू असल्यामुळे पहिलं वर्ष थोड्या कमी पगारावर काढता येणार होतं. ही सोय दलातल्या माणसाकडे असते आणि घाबरून तोच तिचा उपयोग करत नाही.

चार महिन्यांचा पीएलसीचा वर्ग केला. विशीतल्या पोरांबरोबर बसून. मग चाकणला गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तपासणाऱ्या एका विभागात लागले. गाड्यांमधली कॅन बस (नियंत्रकांना एकमेकांशी जोडणारी माहितीची वाहिनी) शिकताना त्यांना स्वतःलाच हुरूप आला. विमानातल्या १५५३ बसवरही पिळलेल्या दोन तारांवरून माहिती जाते, हे त्यांना पाठ होतं. फरक त्यांनी मला सांगितला तो असा: "आमच्या बसवर साहेबाने विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. इथे कुणीही बोलायला उठतो आणि ज्याचं काम तातडीचं, त्याला बाकीचे वाट देतात." मी त्यांना म्हटलं, ऑफिसलाही हेच लागू आहे, लक्षात ठेवा. हसले.

कारण तिथली खरी अडचण तारांची नव्हतीच. टीमलीडर एकोणतीस वर्षांचा, यांना नावाने हाक मारणारा. बाकीची मुलं 'काका' म्हणायची, तेही एकोणचाळिसाव्या वर्षी. पहिले काही महिने टीमलीडर टेबलाशी आला की हे उठून उभे राहायचे आणि तो बिचारा अवघडायचा. मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलत नसत. मग एका तपासणीत सगळ्यांनी पास केलेला एक नियंत्रक यांनी कंपन-चाचणीत केबल हलवून नापास करून दाखवला. त्यानंतर टीमलीडर स्वतःच म्हणायला लागला, "काका, तुम्ही बघून घ्या ना एकदा."

जे अजून सेवेत आहेत त्यांनी कागद आत्ताच गोळा करावेत. ट्रेड प्रमाणपत्रं, केलेल्या प्रत्येक कोर्सचे दाखले, कोणत्या कामाचं अधिकृतीकरण होतं त्याच्या नोंदी. डिस्चार्ज झाल्यावर यासाठी पत्रव्यवहारात महिने जातात. पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम सेवेच्या शेवटच्या काळात करता येतात. त्यात मित्र निवडतोय तो न निवडता, मुलाखतीत आपली जी बाजू लंगडी पडेल ती निवडावी. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला विसरू नये.

याच सार्जंटांच्या ट्रेडचे एक वॉरंट ऑफिसर नंतर माझ्याकडे आले. त्यांची मुलं मोठी झालेली, घर नागपूरला आणि मिहानमधल्या विमान देखभाल केंद्रापासून फार लांब नाही. त्यांना मी बी-२ चा अभ्यास सुरू करा म्हटलं. सध्या ते नागरी विमानावरचा अनुभव भरतायत, रात्रपाळीत, स्वतःपेक्षा निम्म्या वयाच्या मुलाची सही घेऊन. कुरकुर करतात, पण जातात.