५१ मिनिटांच्या प्रवासाला दीड तास का?

प्रश्न : मी नागपूरला धरमपेठेत राहते. दादरला भाचीचा साखरपुडा आहे, दुपारी बाराला. विमान सकाळी ७.४५ ला सुटून ९.२० ला मुंबईत पोचतं. नववीतला नातू म्हणतो, ‘अंतर ६८० किलोमीटर, वेग ताशी ८००, म्हणजे ५१ मिनिटं. आजी, उरलेली ४४ मिनिटं कंपनीनं खाल्ली!’ खरंय का हे? आणि मी वेळेत पोचेन ना?
– एक आजी, नागपूर

उत्तर : आजी, नातवाचा भागाकार चोख आहे. सरळ हवाई अंतरही तेवढंच, सुमारे ६८० किलोमीटर. फक्त त्याचं विमान जन्मतःच ताशी ८०० नं पळतंय.

तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. नागपूरला विमान जागचं हललं की ती सुरू होते आणि मुंबईत ठरल्या जागी उभं राहून चाकांना अडण्या लागल्या की संपते. मधे धावपट्टीपर्यंत रांगणं आलं, वर चढणं आलं. दहा हजार फुटांच्या खाली तर ताशी साधारण ४६० किलोमीटरची मर्यादाच असते. पूर्ण वेग मिळतो तो मधल्या पट्ट्यात, आणि तुमचा चहा संपेतो उतरणं सुरू.

खरी गोम मुंबईत आहे. मी तिथल्या नियंत्रण कक्षात तीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. सगळा भार एकीवर. सकाळच्या गर्दीत नागपूरच्या विमानाला ‘जरा घिरट्या घाल’ असं मी किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. (आतल्यांनी दिलेल्या शिव्या मला कधी ऐकू आल्या नाहीत, हे बरंच.) कंपन्या हा उशीर आधीच वेळापत्रकात धरतात. घिरट्या टळल्या की विमान ‘वेळेआधी’ पोचतं आणि लोक खूश! जातानाची गंमत वेगळी. बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेकडे होतं, म्हणजे नागपूरला निघालेलं विमान आधी जुहूच्या समुद्रावर जाऊन मग वळतं.

नागपूरकरांनी विमानाला नावं ठेवू नयेत हो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री तुमच्याच सोनेगावच्या विमानतळावर जमायची, थैल्या आणि प्रवासी बदलून परत फिरायची. ती डाकोटा विमानं, वेग ताशी जेमतेम तीनशे. नातवाला म्हणावं, आता यांचा भागाकार कर.

आता साखरपुडा. विमान ९.२० ला जागेवर उभं राहिलं तरी पायऱ्या, बस, सामानाचा पट्टा धरून बाहेर पडायला दहा वाजतील. तिथून दादर कधी पाऊण तास, कधी दीड. जमेल, पण नागपुरात सकाळी धुकं असलं तर सगळंच पुढे सरकेल. शिवाय आता नवी मुंबईचाही विमानतळ झालाय; तिकिटावर तो असेल तर दादरचा हिशोब पार बदलतो, आधी ते बघा.

मला विचाराल तर आदल्या संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसनं निघा. रेल्वेचं अंतर सव्वाआठशे किलोमीटरच्या वर आहे, पण ते झोपेत कापलं जातं, आणि गाडी दादरलाच थांबते. संत्र्याची पेटीही सोबत नेता येईल, वजनाचे पैसे न भरता.