‘मसुदा वर्ग’ आणि ‘स्वाक्षरी झालेले’ खेळाडू

प्रश्न : अमेरिकेतल्या बेसबॉलवर मराठीत लिहायला घेतलं आहे. यंत्राने करून दिलेलं एक वाक्य असं : ‘संघाचा यंदाचा हौशी मसुदा वर्ग दर्जेदार असून त्यातील बहुतांश खेळाडूंवर स्वाक्षरी होण्याची संभावना आहे.’ कानाला खटकतं. मराठीत काय म्हणावं?

उत्तर : खटकायलाच हवं. स्वाक्षरी बॅटवर होते, खेळाडूवर नाही.

आधी ‘मसुदा’. हा अरबीतून आपल्याकडे आलेला शब्द आणि त्याचा संबंध काळं करण्याशी, म्हणजे शाईने कागद काळा करण्याशी. कायद्याचा मसुदा, कराराचा मसुदा ठीक. बेसबॉलमधला ड्राफ्ट मात्र कागदाचा नाही, ओढून घेण्याचा आहे : संघ फेरीफेरीने, आळीपाळीने एकेका नव्या खेळाडूचं नाव पुकारतात. सैन्यातल्या सक्तीच्या भरतीलाही इंग्रजीत हाच शब्द. सक्तीची ती छटा इथेही आहे : ज्या संघाने नाव पुकारलं, त्याच्याशीच त्या मुलाने बोलणी करायची, दुसऱ्या संघाचं दार त्या वर्षापुरतं बंद. १९६५ पासून ही पद्धत चालू आहे. म्हणून ‘लिलाव’ही चालणार नाही. लिलावात बोली चढते, इथे बोली लागतच नाही. आपल्या वाचकाला ‘ड्राफ्ट’ तसा परका नाही. २००८ साली आयपीएलमध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी लिलाव नव्हे, ड्राफ्टच झाला होता आणि विराट कोहली बंगळुरूकडे गेला तो त्यातून. तेव्हा ‘ड्राफ्ट’ बेलाशक ठेवा.

‘वर्ग’ मात्र काढाच. इंग्रजीतला हा ‘क्लास’ म्हणजे एका वर्षी एकत्र बाहेर पडलेली मुलं. त्याला आपण रोजच्या बोलण्यात ‘बॅच’ म्हणतो. ‘अठ्ठ्याण्णवची बॅच’ म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. ‘तुकडी’ही चालेल, पण तिच्यात शाळेतली ‘अ’ आणि ‘ब’ डोकावते.

‘हौशी’ कोशात बरोबर, वापरात फसवा. हौशी नाट्यस्पर्धेतला नट पदरमोड करून नाटक करतो. इथला सतरा-अठरा वर्षांचा ‘हौशी’ पिचर (चेंडू फेकणारा) लाखो डॉलर मागतो, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्या एजंटला, कॉलेजच्या नियमांना धक्का लागू नये म्हणून, कित्येक वर्षं ‘सल्लागार’ म्हणावं लागायचं. अर्थ एवढाच की त्याने अजून व्यावसायिक करार केलेला नाही. मी तर हा शब्द गाळूनच टाकीन. ड्राफ्ट म्हटल्यावर शाळा-कॉलेजातली मुलं आलीच.

आता खरी मेख. क्रिकेटच्या सवयीने आपण ‘अमक्या संघाने तमक्याला घेतला’ लिहितो आणि विषय संपतो. ड्राफ्टमध्ये तिथून तो सुरू होतो. आपल्या कॅप राउंडसारखंच : कॉलेजात नंबर लागतो, पण प्रवेश घ्यायचा की नाही ते पोरगं ठरवतं. म्हणून ‘नंबर लागला’ ही आपली जुनी बोली इथे फार चपखल बसते. ‘ह्यूस्टनकडे नंबर लागला’ म्हटलं की पुढचं अजून बाकी आहे हे न सांगता कळतं. (‘नंबर आला’ नको, तो स्पर्धेत येतो.) मग सही केली तर ‘करारबद्ध झाला’.

हा फरक किती महागात पडतो ते २०१४ मध्ये दिसलं. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने ब्रेडी एकेन या शाळकरी डावखुऱ्या पिचरचं नाव सगळ्यात आधी पुकारलं. ६५ लाख डॉलरवर तोंडी ठरलंही होतं. वैद्यकीय तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाची शंका निघाली, क्लबने आकडा खाली आणला आणि १८ जुलैची मुदत सहीविना टळली. गोष्ट तिथेच थांबली नाही. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला ठरावीक रक्कम नेमलेली असते. त्यांची बेरीज म्हणजे सही करणाऱ्यांना द्यायच्या बोनसचा संघाचा गल्ला. एखाद्याने सही केली नाही तर त्याच्या क्रमांकाची रक्कम गल्ल्यातून वजा होते. एकेनची रक्कम गेली तसा गल्ला आटला आणि पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सशी १५ लाखांवर ठरलेली बोलणीही फिसकटली. एकाच्या कोपरापायी दुसऱ्याचा करार गेला! अ‍ॅस्ट्रोजला भरपाई म्हणून पुढच्या वर्षी दुसरा क्रमांक जादा मिळाला आणि त्यावर त्यांनी अ‍ॅलेक्स ब्रेगमन निवडला, ही त्यांची नशीबवान बाजू.

म्हणूनच तिथल्या निवडकर्त्यांच्या तोंडी गुणांइतकाच दुसरा प्रश्न असतो : मुलगा सही करण्यातला आहे का? शाळकरी मुलाच्या हातात कॉलेजची शिष्यवृत्ती असते, तो ताणून धरतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला परतीची वाट नसते, तो थोडक्यात मानतो. संघ अशा काहींना मुद्दाम सहाव्या ते दहाव्या फेरीत निवडतात आणि वाचलेले पैसे एखाद्या हट्टी शाळकऱ्यासाठी राखतात. या गुणाला ‘करारयोग्यता’ वगैरे नाम घडवू नका. ‘सही करेल’, ‘अडून बसेल’, ‘पैशांवर अडलंय’ ही क्रियापदं पुरतात.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘यंदाच्या ड्राफ्टमधली संघाची बॅच दमदार आहे आणि बहुतेक पोरं सही करतील असं दिसतंय.’

जाता जाता एक. पिट्सबर्ग पायरेट्सने २००८ मध्ये उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना करारबद्ध केलं (हा रिंकू भालाफेकीतून आलेला, कोलकात्याचा षटकारवाला वेगळा). त्यांच्याविषयी लिहाल तेव्हा ‘ड्राफ्ट’ वापरू नका. तो अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोतल्या मुलांपुरता असतो. या दोघांनी थेट सही केली होती.