पार्किन्सनचा पेशंट वॉर्डात आला की आधी घड्याळ बघा

प्रश्न : मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. पार्किन्सनचे पेशंट आमच्याकडे बहुतेक दुसऱ्याच कारणाने येतात, कुणी पडलेलं असतं, कुणाला न्यूमोनिया, आणि चार दिवसांत चालताबोलता माणूस पार कडक होऊन जातो. नवीन मुलींना तासाभराचं ट्रेनिंग द्यायचंय, काय शिकवू?

उत्तर : सिस्टर, इन्फेक्शननेही पेशंट असा कडक होतो, पण बऱ्याचदा कारण साधं असतं, गोळीची वेळ चुकलेली असते. आजार जुना झाला की लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य गोळीचा, असर जेमतेम तीन-चार तास टिकतो, म्हणून घरी तो माणूस सात, साडेदहा, दोन असा घड्याळाला चिकटून गोळी घेत असतो आणि आपली ट्रॉली फिरते आठला आणि दोनला. मधल्या वेळात त्याला कूस बदलता येत नाही, घोट गिळता येत नाही! ब्रिटनमधल्या पार्किन्सन्स यूके संस्थेने यावर मोहीमच चालवली, ठरल्या वेळेच्या 30 मिनिटांच्या आत गोळी मिळालीच पाहिजे म्हणून. तेव्हा तासातला अर्धा वेळ यालाच द्या. अॅडमिशनलाच घरच्या वेळा विचारून चार्टवर तशाच्या तशा लिहायच्या. पेशंट उपाशी ठेवायचा असेल किंवा गिळता येत नसेल तर गोळी आपोआप बंद नाही करायची, लगेच डॉक्टरांना फोन, कारण एकदम बंद झाली तर जोराचा ताप येऊन जिवावर बेतू शकतं. आणि हो, एसआर, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी, गोळी कुटून ट्यूबमधून द्यायची नाही. उलटीला मेटोक्लोप्रामाइड, रात्री बडबडला म्हणून हॅलोपेरिडॉल, ही दोन्ही डोपामिनचंच, म्हणजे पार्किन्सनमध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या रसायनाचंच, काम अडवतात, ऑर्डरमध्ये दिसली तर न घाबरता विचारायचं.

चालताना पाय जमिनीला चिकटले तर हात धरून ओढायचं नाही, थांबू द्यायचं, मग आकडे मोजत पाऊल टाकायला सांगायचं.

दुसरं म्हणजे चेहरा. स्नायू कडक झाल्याने त्यावर हसू उमटत नाही, आवाज बारीक होतो, उत्तर उशिरा येतं, आणि मुलींना वाटतं आजोबा रागावलेत किंवा त्यांना काही कळतच नाही, मग त्या नातेवाइकांशीच बोलायला लागतात, हे मला फार लागतं. यासाठी वर्गातच एक करून बघा, जोड्या पाडा, एकीने प्रश्न विचारायचा आणि दुसरीने दहा सेकंद मुद्दाम गप्प राहून मग उत्तर द्यायचं. दहा सेकंद किती लांब वाटतात ते बघाच, बहुतेक जणी चौथ्या-पाचव्या सेकंदालाच प्रश्न परत विचारतील.